एका बोल्टने अडवलेला आवाज

भावोजींनी मोटारसायकल विकायला काढली, हे ताईने फोनवर सांगितले तेव्हा माझा विश्वासच बसेना. उन्हाळा आला की हे दोघे आपल्या अवजड गाडीवर सामान लादून निघणार, हा त्यांच्या ओहायोतल्या संसाराचा वीस वर्षांचा नेम. ब्लू रिज पार्कवे हा ४६९ मैलांचा डोंगरी रस्ता तर त्यांनी तीनदा पालथा घातलेला. २०१९ च्या जूनमध्ये त्यांच्याकडे गेलो, तेव्हा उलगडा झाला. गाडी उत्तम चालत होती. बिघडला होता तो तिचा रेडिओ!

रेडिओ बिघडला म्हणून कोणी गाडी विकते का, असे तुम्ही म्हणाल. पण लांब पल्ल्याच्या या गाड्यांवर रेडिओ नुसता गाण्यांसाठी नसतो. दोन्ही हेल्मेटांतले बोलणे त्याच यंत्रणेतून जाते. अमेरिकेत १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या सात वाहिन्यांवर चोवीस तास हवामान सांगतात. वादळाची सूचना तिथेच मिळते. त्यातून भावोजींना आता कमी ऐकू येते. मागे बसून ताईच त्यांचे कान झालेली. 'मागून ट्रक येतोय', 'पुढच्या पंपावर थांबू या', हे सारे हेल्मेटातून चालायचे. ते थांबले आणि ताई एकदा बोलून गेली, "मुक्याने बसून फिरायचं, त्यापेक्षा मी घरीच बरी." भावोजींनी ते मनाला लावून घेतले. दुकानदाराने तर 'सगळा संच बदला' म्हणून गाडीच्या निम्म्या किमतीचा आकडा सांगितला होता.

माझी उभी हयात रेडिओ दुरुस्तीत गेली. म्हटले, "भावोजी, मला एक रविवार द्या."

ठिणगी आणि रेडिओ

वाहन आणि रेडिओ यांचे वैर जुने आहे. १९३० मध्ये पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने मोटारीत बसवायचा 'मोटोरोला' रेडिओ आणला, तेव्हाही इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर कशी दाबायची, हीच मोठी अडचण होती. कारण उघड आहे. स्पार्क प्लगमध्ये उडणारी प्रत्येक ठिणगी म्हणजे एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच! मोटारीत निदान पत्र्याचा आडोसा असतो. मोटारसायकलवर इंजिन, एरियल आणि रेडिओ हातभर अंतरावर, वर पाऊस, धूळ आणि सततचा हादरा. होंडाची 'गोल्ड विंग' १९७५ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्यावर वाऱ्याचा पडदाही नव्हता. १९८० च्या 'इंटरस्टेट'ने पडदा आणि सामानाच्या पेट्या आणल्या, आणि पुढे अशा गाड्यांवर रेडिओ, स्पीकर, कॅसेट असा दिवाणखानाच थाटला गेला.

बिघाड शोधताना आधी कान वापरावा, हत्यारे नंतर. इंजिनाच्या वेगाबरोबर टिकटिक वाढली, तर संशय ठिणगीवर. मग रोधक असलेले प्लग बसवलेले आहेत ना, ते पाहावे. शिट्टीसारखा सूर चढत गेला, तर तो चार्जिंगचा. एरियलची वायर काढून पाहावी. आवाज गेला, तर तो हवेतून येत होता. राहिला, तर वायरींतून.

आमच्याकडे शिट्टी होती आणि ती एरियल काढले की नाहीशी व्हायची. म्हणून दुकानदाराने एरियलला दोष दिला होता. पण आणखी एक खूण होती. ब्रेक दाबला की रेडिओ चक्क बंद पडायचा! ब्रेकचा आणि एरियलचा काय संबंध?

बॅटरी तपासली. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू असताना १४. म्हणजे बॅटरी आणि चार्जिंग निर्दोष. मग मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी रेडिओच्या पत्र्याला लावली. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे. दिसले ०.३. भावोजींनी ब्रेक दाबला आणि काटा दोनाच्या पुढे गेला!

सीटखालचा चोर

सीट काढली. चासीवरच्या एका बोल्टला रेडिओची अर्थची वायर होती. काही वर्षांपूर्वी मागच्या पेटीवर जादा ब्रेकचे दिवे बसवून घेतले होते. त्यांची वायरही कोणीतरी त्याच बोल्टखाली, रंगावरच आवळून दिलेली. खाली गंज, वर तांब्याची हिरवी बुरशी. ब्रेक दाबला की दिव्यांचा सगळा प्रवाह त्या गंजातून वाट काढायचा आणि रेडिओ उपाशी राहायचा. आणि सरळ वाट अडली, की रेडिओचा प्रवाह एरियलच्या जाळीतून आडवाटेने परतायचा. शिट्टी यायची ती तिथून. एरियल बिचारे चोर नव्हते, साक्षीदार होते.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासला, नवी टोके बसवली, दिव्यांची वायर वेगळ्या बोल्टवर नेली आणि वरून ग्रीस चोपडले. आता मीटर शून्याला टेकला.

तरीही ताईच्या हेल्मेटात आवाज तुटत होता. भावोजी म्हणाले, "अरे, हँडल वळवलं की जातो बघ." पाहिले, तर हँडलच्या मानेपाशी सतत वाकून वाकून वायर आतून तुटलेली, वरचे आवरण मात्र शाबूत! वीतभर वायर बदलली. सगळा खर्च वायर आणि टोकांपुरता. जाता जाता एक सांगतो: फ्यूज वारंवार उडत असेल, तर मोठा फ्यूज कधीही घालू नये. तो पहारेकरी आहे. त्याला हटवले, तर वायरच पेटते.

संध्याकाळी दोघे चक्कर मारायला निघाले. कोपऱ्यावरून गाडी परत आली, तेव्हा भावोजी हसत होते. हेल्मेट काढत म्हणाले, "पहिलं वाक्य काय ऐकू आलं असेल? 'अहो, जरा हळू चालवा!'"

गाडी विकायची जाहिरात दुसऱ्या दिवशी ताईनेच काढून टाकली.