रिकामा डबा परत येत नाही

ऑनलाइन घेतलेला लॅपटॉप आवडला नाही. परत केला, पैसे खात्यात आले, विषय संपला! तुमचा संपतो हो, आमचा तिथूनच सुरू होतो.

परवा एका लग्नात मावशीनं विचारलं, "काय गं, तू ऑफिसात नक्की करतेस काय?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "परत आलेला माल बघते." मावशीच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते बघायला हवं होतं. एवढं इंजिनीअरिंग करून पोरगी गोडाऊनमध्ये!

आईचं तसं काही चुकलं नव्हतं. लॅपटॉप, फोन, हेडफोन विकणाऱ्या एका बड्या टेक कंपनीत मी 'रिटर्न्स' सांभाळते. भाषेला वजन हवं असेल तर 'रिव्हर्स लॉजिस्टिक्स'. माझं ऑफिस काचेच्या टॉवरमध्ये नाही, भिवंडीत आहे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून इथं गोडाऊनं वाढली. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली, गोडाऊनं मात्र राहिली. आज तुमच्या घरी येणारं खोकं इथून निघालेलं असण्याची शक्यता बरीच आहे. आणि परत केलंत, तर इथंच येण्याचीही.

हे आरटीओ वेगळं

आमच्याकडे आरटीओ म्हणजे लायसन्सवालं ऑफिस नव्हे. 'रिटर्न टू ओरिजिन', म्हणजे माल दारापर्यंत गेला आणि न उघडताच परत आला. घरी कुणी नव्हतं, पत्ता चुकला, कॅश ऑन डिलिव्हरी होती आणि तोवर मूड बदलला. हा सगळ्यात सोपा प्रकार. सील बघा, स्कॅन करा, पुन्हा रॅकवर.

खरी मजा उघडलेल्या खोक्यांत. माल जाताना एका ट्रकमधून पाचशे सारखी खोकी जातात, सगळी नवी, सगळी चौकोनी. परत येताना पाचशे घरांतून पाचशे तऱ्हा येतात. कुणी चार्जर ठेवून घेतलेला, कुणी बिर्याणीच्या पिशवीत गुंडाळलेला. फोनच्या खोक्यात साबणाची वडी निघते, ही दंतकथा नाही, मी स्वतः हातात घेतली आहे. म्हणून फोन आला की आधी आयएमईआय नंबर जुळवायचा. हा पंधरा आकडी नंबर म्हणजे फोनचा जन्मदाखला. नंबर जुळला नाही तर पहिला संशय येतो पिकअपला गेलेल्या मुलावर. बऱ्याचदा त्या बिचाऱ्यानं बंद खोकं तसंच उचललेलं असतं.

मग बेंचवर तपासणी. इथं एक शेरा दिवसातून कितीदा तरी पडतो: 'नो फॉल्ट फाउंड'. म्हणजे वस्तूत बिघाड नाहीच. वायफाय जोडता आलं नाही, रंग फोटोत वेगळा वाटला, नवऱ्यानं तोच घेऊन ठेवला होता. आम्ही हसतो, पण हा शेरा फार कामाचा आहे. एकाच मॉडेलवर तो सारखा पडायला लागला तर समजायचं, गोची मशीनमध्ये नाही, माहितीपत्रकात आहे.

मेथीची जुडी

परत आलेला लॅपटॉप म्हणजे मेथीची जुडी. सकाळचा भाव संध्याकाळी नाही. नवं मॉडेल बाजारात आलं की जुन्याची किंमत घसरते, आणि आमच्या रॅकवर पडलेला माल एकेक दिवसानं शिळा होत जातो. म्हणून आमचा सगळा खेळ घड्याळाशी. माल आला, तपासला, ग्रेड दिली. 'ए' ग्रेड म्हणजे जवळपास नवा, 'बी'वर ओरखडे, 'सी' म्हणजे सुटे भाग काढा. उरलेलं ई-कचऱ्यात. तोही भंगारवाल्याला विकून मोकळं होता येत नाही. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यानुसार कंपनीला आपल्या कचऱ्याचा हिशेब नोंदणीकृत रिसायकलरमार्फत द्यावा लागतो.

हे काम किती गंभीर होऊ शकतं, ते जगानं २०१६ साली पाहिलं. सॅमसंगचा गॅलॅक्सी नोट सेव्हन ऑगस्टमध्ये आला, बॅटऱ्या पेट घ्यायला लागल्या आणि २ सप्टेंबरला कंपनीनं सुमारे २५ लाख फोन परत बोलावायचं जाहीर केलं. बदलून दिलेले फोनही पेटले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो फोनच बंद केला. भारतात तो विक्रीला आलाच नाही, पण विमानात 'नोट सेव्हन बंद ठेवा' ही सूचना अनेकांनी ऐकली असेल. आता विचार करा, पेटू शकणारा फोन परत पाठवायचा कसा? विमानानं चालत नाही. कंपनीनं ग्राहकांना आगरोधक अस्तराची खोकी आणि हातमोजे पाठवले. पाठवायला जेवढं डोकं लागतं, त्याच्या दुप्पट परत आणायला लागतं, हे मी तेव्हापासून मानते. आमच्याकडेही फुगलेल्या बॅटरीसाठी वाळूचा लोखंडी डबा वेगळा ठेवलेला असतो.

दुसरी डिस्क

आता मुद्द्याचं सांगते. ते सांगायला मला तीन वर्षं लागली.

लॅपटॉप पुन्हा विकायच्या आधी त्यातला डेटा पुसायचा असतो. नुसतं 'डिलीट' म्हणजे पुसणं नव्हे. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी पानं आत राहतात, तसं. अमेरिकेतल्या 'निस्ट' या मानक संस्थेची मार्गदर्शिका यासाठी बरीच वापरली जाते. तिच्यात तीन पायऱ्या आहेत: साधं पुसणं, मुळापासून पुसणं आणि सरळ डिस्क नष्ट करणं. डिस्क जुन्या पद्धतीची आहे की एसएसडी, त्यावर पुसण्याची रीतही बदलते.

महिनाअखेर होती. टार्गेटला ऐंशी लॅपटॉप कमी पडत होते. बेंचवरचा आमचा सीनिअर टेक्निशियन आला आणि म्हणाला, "मॅडम, या मॉडेलला दोन डिस्क आहेत. आपलं सॉफ्टवेअर पहिलीच धरतंय. दुसरी हातानं करावी लागेल, वेळ डबल जाईल."

मी स्क्रीनवरून मान वर न करता म्हटलं, "काका, नेहमीसारखं चालवा. पुढच्या महिन्यात बघू."

ऐंशी लॅपटॉप गेले. टार्गेट झालं. टीमला पिझ्झा आला.

तीन आठवड्यांनी नाशिकहून फोन आला. आमचा रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतलेला एक कॉलेजचा मुलगा. "ताई, यात कुणाचं तरी सामान राहिलंय." दुसऱ्या डिस्कवर एक फोल्डर होतं, नाव 'बाबा हॉस्पिटल'. रिपोर्ट, बिलं, विम्याचे कागद, फोटो. त्यानं एकच फाईल उघडली आणि लगेच बंद केली, असं तो म्हणाला. त्याच्या जागी दुसरं कुणी असतं तर?

आमच्याकडे शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत करायचा नाही, अशी आईची शिकवण. चार लाडू नाहीतर निदान चिमूटभर साखर तरी घालायची. परत आलेली मशीनंही तशीच. रिकामी कधी येत नाहीत, कुणाचं तरी काहीतरी आत असतंच. मला हे माहीत होतं, आणि तरीही मी झाकण लावून डबा पुढं पाठवला होता.

"किती जणांनी बघितलं?"

वरून सल्ला आला, लॅपटॉप शांतपणे परत मागवा, पुसा आणि विषय संपवा. मी ऐकलं नाही. शहाणपणा म्हणून नव्हे, झोप लागत नव्हती म्हणून. ऐंशीच्या ऐंशी लॅपटॉप परत मागवले. विकले न गेलेले रॅकवरच सापडले, बाकीच्यांसाठी ग्राहकांच्या विनवण्या केल्या. दोन दिवस लाइन बंद ठेवली. त्या फोल्डरच्या मालकीणबाईंना मी स्वतः फोन केला.

सगळं ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग एकच प्रश्न: "किती जणांनी बघितलं?"

"एकानं," मी म्हटलं. पण खात्रीनं कशी सांगणार होते? तो लॅपटॉप बेंचवर होता, पॅकिंगला होता, कुरिअरकडे होता. तेवढंही मी त्यांना सांगितलं. "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: मशीनमधल्या डिस्क जितक्या, पुसल्याचे दाखले तितके. एकही कमी असला की ग्रेडचं लेबल छापलंच जात नाही. मीसुद्धा ते छापू शकत नाही, ही अट मीच घालून घेतली. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली मंजूर झाला, त्यात हलगर्जीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मीटिंगमध्ये तो आकडा ऐकून सगळे ताठ बसतात. मला मात्र तो प्रश्नच आठवतो.

आणि हो, पुढच्या लग्नात मावशीनं विचारलंच, तर आईनं काय सांगायचं ते ठरलंय: "लोकांचे डबे धुते!"

परत करताय? एवढं कराच

• आधी बॅकअप, मग प्रत्येक अकाउंटमधून लॉगआउट, मग फॅक्टरी रीसेट. क्रम चुकवू नका. अकाउंट तसंच राहिलं तर फोन लॉक राहतो आणि रिफंड लटकू शकतो.

• लॅपटॉपमध्ये 'डी' ड्राइव्ह आहे का बघा. मेमरी कार्ड आणि सिम काढलंत ना?

• फोन सुरू होत असेल तर *#०६# दाबा, आयएमईआय नंबर दिसेल. खोक्यावरच्या नंबराशी जुळवून त्याचा फोटो ठेवा.

• पिकअपच्या वेळी वस्तू उघडून दाखवा आणि पावती घ्या. तुमचंही भलं, त्या मुलाचंही.

• बॅटरी फुगली असेल तर चार्जिंग बंद. पॅक करण्याआधी कंपनीला तसं स्पष्ट सांगा.

• कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५.