उतरती कळा की उमेदवारी?

वॉल्ट डिस्ने १९६६ साली निवर्तले. त्यानंतरच्या दोन दशकांत त्यांच्या संस्थेने काढलेले, आबालवृद्धांसाठी असलेले कार्टूनपट उतरत्या कळेचे मानण्याचा प्रघात आहे. या आक्षेपात तथ्य नाही असे नव्हे. १९७३ च्या ‘रॉबिन हूड’मधील नृत्यात १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मधील हालचाली पुन्हा गिरविलेल्या दिसतात, १९८५ च्या ‘द ब्लॅक कॉल्ड्रन’चा तर खर्चही भरून निघाला नाही.

परंतु याच काळात एरिक लार्सन यांच्यासारखे जुने जाणते चित्रकार नवोदितांना हाताशी धरून शिकवीत होते. १९७७ च्या ‘द रेस्क्यूअर्स’साठी दोन्ही पिढ्या एकत्र राबल्या. १९८६ च्या ‘द ग्रेट माउस डिटेक्टिव्ह’मध्ये मनोऱ्यातील घड्याळाची फिरती दंतचक्रे संगणकाच्या साहाय्याने रेखाटण्यात आली. त्याच्या दिग्दर्शकांपैकी जॉन मस्कर व रॉन क्लेमंट्स यांनीच पुढे १९८९ साली ‘द लिटल मर्मेड’ दिग्दर्शित केला आणि संस्थेस गतवैभव लाभले.

तेव्हा ही वर्षे वस्तुतः उमेदवारीची होत. मुलाबाळांसह हे चित्रपट पाहताना एवढे ध्यानी ठेवले, तर त्यांतील एखादी कापरी रेषा शिकणाऱ्या हाताची आहे, हे आपल्या सहज लक्षात येईल.