फिर्यादी घर, जामीनदारही घरच

घरात खून होतो, संशय त्याच घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर येतो आणि पोलीस ठाण्यात पहिल्याच तासात पेच पडतो. मुलाच्या बाजूने बोलवायचं कोणाला? बाल न्याय कायदा सांगतो की मूल ताब्यात घेतलं की आईवडिलांना कळवा, बाल न्याय मंडळासमोर त्यांना हजर राहायला सांगा. समजा आई गेली आहे, तिचा मृतदेह उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात शवविच्छेदनासाठी नेलाय आणि फिर्याद वडिलांनी दिली आहे. त्याच वडिलांना पोलीस पालक म्हणून निरोप देणार. ज्याचं घर उद्ध्वस्त झालं तोच माणूस कायद्याच्या लेखी मुलाचा आधार.

हा कायदा कुटुंबाच्या भरवशावर उभा आहे. मूल चुकलं तरी त्याला घरी परत न्यायचं, घराच्या मदतीने सावरायचं, ही त्यामागची भूमिका आहे आणि ती मला मनापासून पटते. चोरी, मारामारी, गाडी पळवणं अशा प्रकरणांत ती बरीच चालते. गुन्हा घराविरुद्धच घडला की मात्र पायरीपायरीवर अडखळायला होतं, आणि त्या अडखळण्याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या परिमंडळ ४ मध्ये येतात. इथल्या एखाद्या घराची कहाणी मी मुद्दाम सांगत नाही. कलम ७४ नुसार मुलाची ओळख पटेल असा कोणताही तपशील छापायला बंदी आहे. मोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घरातल्या गुन्ह्यात ही बंदी पाळणं फार अवघड जातं. कॅम्प नंबर, बराक नंबर, मृत आईचं नाव, मुलाची इयत्ता एवढं छापलं की मुलाचं नाव गाळून काय उपयोग? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर फोटोच फिरतो. त्याच मुलाची धाकटी बहीण दुसऱ्या दिवशी त्याच शाळेत जाणार असते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

ताब्यात घेतलेल्या मुलाला कोठडीत टाकता येत नाही, बेडी घालता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांतली एक तरी स्त्री. वय ठरवताना आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला पाहतात, नाही तर पालिकेचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी. मग या पट्ट्यातल्या मुलाची रवानगी बहुतेक वेळा भिवंडीच्या निरीक्षणगृहात होते. लोक त्याला अजून रिमांड होम म्हणतात.

आता बदलापूरहून भिवंडीला भेटीला जायचं म्हणजे काय ते पाहा. लोकलने कल्याण, तिथून बस किंवा शेअर रिक्षा, दुर्गाडीच्या पुलावरून कोनमार्गे भिवंडी, आणि परत तसंच. कारखान्यात किंवा घरकामाला रोजावर जाणाऱ्या बाईचा अख्खा दिवस बुडतो. ती आत्या किंवा मावशी असेल तर घरी परतल्यावर तिला आणखी एक प्रश्न ऐकावा लागतो: ‘त्याला भेटायला गेलीस? त्याने काय केलं ते विसरलीस?’ भेटायला जाणारं माणूस दोन-तीन खेपांनंतर थांबतं, ते पैशांअभावी जेवढं, तेवढंच या प्रश्नामुळे.

जामिनाचंही तसंच. कलम १२ प्रमाणे मुलाला जामीन देणं हाच नियम आहे, गुन्हा कितीही गंभीर असो. नाकारायचा तो मुलाला धोका असेल, तो गुन्हेगारांच्या संगतीत जाणार असेल किंवा न्यायाचा हेतूच फसणार असेल तर. पण सोडायचं कोणाच्या हवाली? पुण्याच्या कल्याणीनगर अपघात प्रकरणात मे २०२४ मध्ये तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर मिळालेल्या जामिनावरून महाराष्ट्र पेटला होता. त्या गदारोळात पुढचा टप्पा झाकोळला गेला. मुलाचे आईवडील आणि आजोबा अटकेत असताना आत्या मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि जून २०२४ मध्ये न्यायालयाने मुलाला तिच्या ताब्यात दिलं. तो गुन्हा घराविरुद्धचा नव्हता, पण आईवडील उपलब्ध नसतील तर कायद्यात वाट आहे हे त्यातून दिसतं. त्या वाटेने जायला खमकी आत्या लागते आणि उच्च न्यायालयापर्यंत पोहोचवणारा वकील लागतो. अंबरनाथच्या चाळीतल्या मुलाला हे दोन्ही मिळेल का, याची मला काळजी वाटते.

या सगळ्या कागदपत्रांत एका कागदाचं मोल मोठं आहे. परिविक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरने, दोन आठवड्यांत द्यायचा सामाजिक तपास अहवाल. घरात कोण कोण आहे, कमाई किती, शाळा का सुटली, मुलाला मारहाण किंवा अन्य छळ झाला का, घरातल्या माणसांचे आपसातले संबंध सलोख्याचे आहेत की नाहीत, असे त्यात रकाने असतात. हा अहवाल घरच्यांच्या तोंडूनच भरायचा. आणि आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलत नाहीत. बाप रोज पिऊन येऊन पट्ट्याने मारत असेल, तरी तेराव्यापर्यंत आणि त्यानंतरही तो ‘तापट होता, पण मनाचा चांगला होता’ एवढंच सांगितलं जातं. शेजारी म्हणतात, ‘आम्ही कोणाच्या घरात डोकावत नाही.’ ज्या माहितीवर मुलाचं पुढचं आयुष्य ठरायचं तीच अशी गिळली जाते. उलटही घडतं. संतापलेलं घर मुलाला जन्मापासूनच वाया गेलेला ठरवतं. चांगला परिविक्षा अधिकारी वर्गशिक्षकाला, डॉक्टरला, जुन्या घरमालकाला भेटून घराच्या सांगण्याला ताडून पाहतो. त्याच्या हातात तेवढा वेळ नसेल तर रकाने भरले जातात आणि मंडळाला मूल दिसतच नाही.

अमेरिकेत आईवडिलांची हत्या करणाऱ्यांचा दीर्घ अभ्यास कॅथलीन हाइड यांनी केला. १९९२ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी अशा मुलांचे ढोबळ तीन गट मांडले: वर्षानुवर्षं छळ सोसलेली, गंभीर मानसिक आजार असलेली आणि समाजविघातक वृत्ती मुरलेली. ही विभागणी आपल्याकडे जशीच्या तशी उचलू नये, पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कृत्य एकच असलं तरी त्यापर्यंत येणारे रस्ते वेगळे असतात आणि उपायही वेगळे लागतात. आपल्या बातम्यांत मात्र कारण एका ओळीत संपतं. जून २०२२ मध्ये लखनौत सोळा वर्षांच्या मुलाने आईवर गोळी झाडल्याच्या आरोपात मोबाईल गेम हे कारण देशभर गाजलं. मार्च २०२५ मध्ये वसई-विरार पट्ट्यात तेरा वर्षांच्या मुलावर नात्यातल्या सहा वर्षांच्या बहिणीच्या हत्येचा आरोप आला, तेव्हा तिचेच लाड होतात म्हणून मत्सर आणि एक सिनेमा, ही कारणं पुढे आली. त्या दिवशीची ठिणगी ही असेलही. पण ठिणगी सांगून तपास पुरा झाला असं मानू नये. मोबाईल काढून घेतला म्हणून रडणारी, जेवण टाकणारी मुलं घरोघरी आहेत.

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर कायदा बदलला आणि तो जानेवारी २०१६ पासून लागू झाला. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर खुनासारख्या घोर गुन्ह्याचा आरोप असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं: कृत्य करण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि ज्या परिस्थितीत ते घडलं ती परिस्थिती. त्यावरून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवायचं की नाही ते ठरतं. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं. प्रकरण वर गेलं तरी फाशी नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. वयाच्या एकवीस वर्षांपर्यंत सुरक्षित स्थानात ठेवायचं, मग मुलगा सुधारला का ते तपासून पुढचं ठरवायचं. सोळाच्या आतल्या मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता येतं. लोकांना हे कमी वाटतं, आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांना ते कमी वाटणं मी समजू शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेत अत्याचार झालेल्या चिमुरड्यांसाठी रेल्वे रोखणाऱ्या बदलापूरकरांचा संतापही लेकरांच्या मायेतूनच आला होता. ती माया आरोपी ठरलेल्या लेकरापर्यंत पोहोचावी असं मला वाटतं.

देशभरात २०२२ मध्ये अल्पवयीनांविरुद्ध ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. ताब्यात घेतलेल्या ३७,७८० मुलांपैकी २९,६९० जण सोळा ते अठरा वयोगटातले होते. यातली बहुतेक मुलं आईवडिलांसोबतच राहणारी असतात, हे गुन्हेनोंदींच्या दरवर्षीच्या राष्ट्रीय अहवालात दिसतं. म्हणजे बिघडत चाललेलं काहीतरी घराला आधी दिसलेलं असतं. पहाटेच्या लोकलने मुंबईला जाऊन रात्री परतणाऱ्या आईबापांना ते उशिरा दिसतं, आणि दिसल्यावर जायचं कुठे ते कळत नाही. मुलगा अंगावर धावून यायला लागला की एखादा बाप ओळखीच्या हवालदाराला गाठतो: ‘साहेब, जरा दम द्या त्याला.’ दम देऊन आजार बरा होत नाही, आणि मार खाणाऱ्या मुलाला तर तो उलटाच लागतो. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा फोन मराठीतही बोलतो आणि मुलाला स्वतःला मदत हवी असेल तर १०९८ आहे. हे तीन पत्ते शाळेच्या फलकावर परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी लावायला हवेत.

घरात उरलेलं दुसरं मूल सगळ्यात जास्त विसरलं जातं. त्याने पाहिलेलं असतं, पोलिसांना सांगितलेलं असतं आणि एका रात्रीत त्याची आई आणि भाऊ दोघंही गेलेले असतात. त्याला बालकल्याण समितीसमोर नेता येतं. आजी किंवा मामाने सांभाळायला घेतलं तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात.

आणि ताब्यातल्या मुलासाठी कोणी नातेवाईक उभा राहायला तयार असेल, तर त्याने वडिलांच्या होकाराची वाट पाहत बसू नये. कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तात्पुरती जबाबदारी घेणारी ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मंडळ त्याला मान्यता देऊ शकतं. अर्ज थेट मंडळाकडे करायचा. वकील परवडत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. परिविक्षा अधिकाऱ्याला त्याच आठवड्यात भेटायचं, आणि गेलेल्या माणसाबद्दल जे खरं आहे तेही त्यांना सांगायचं.