हे कुठून घेतलं?

परीक्षांचे दिवस जवळ आले की मीरा रोड आणि भाईंदरमधल्या झेरॉक्सच्या दुकानांत काळ्या पुठ्ठ्याच्या वह्यांचे गठ्ठे दिसू लागतात. वर सोनेरी अक्षरांत विद्यार्थ्याचं नाव, कॉलेजचं नाव, प्रकल्पाचा विषय. मुंबई विद्यापीठाच्या कॉमर्स आणि बीएमएसच्या मुलांच्या तोंडी याचं नाव ‘ब्लॅक बुक’. विषय साधारण ठरलेले: यूपीआयचा वापर, म्युच्युअल फंडांबद्दलची जाणीव, ऑनलाइन खरेदी. मागची पानं संदर्भसूचीची. तिथे बहुतेक वेळा दोन-चार संकेतस्थळांची नावं असतात, विकिपीडिया असतो आणि एका ओळीत नुसतं ‘गूगल’ असतं. गूगलला संदर्भ म्हणणं म्हणजे पत्र लिहिणाऱ्याच्या जागी पोस्टमनचं नाव घालणं. ही गोष्ट पदवीच्या सगळ्या वर्षांत त्या मुलाला कुणी सांगितलेली नसते. बारावीपर्यंत गाइड, पदवीला नोट्स आणि शेवटच्या वर्षी एकदम ‘संशोधन’. जे शिकवलंच नाही त्याची परीक्षा आपण घेतो, आणि वर मुलं चोरी करतात म्हणून तक्रारही करतो.

ही स्थिती एका शहराची नाही. तरी मीरा-भाईंदरमध्ये ती अधिक खुपते. 1985 मध्ये इथे नगरपरिषद झाली आणि 28 फेब्रुवारी 2002 ला महानगरपालिका. त्याआधी मिठागरं, भातशेती, उत्तनची कोळी वस्ती, राई-मुर्धा-मोर्वा ही आगरी गावं. आज भाईंदर पूर्वेचं शंकर नारायण महाविद्यालय, मीरा रोडचं रॉयल महाविद्यालय यांसारख्या संस्थांमुळे मुलांना पदवीसाठी लोकलने विरार-बोरिवली गाठावं लागत नाही. या मुलांपैकी कितीतरी जणांच्या घरांत कॉलेजची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी. घरात पुस्तकांचं कपाट नाही, आई-वडिलांना विद्यापीठाची रीत ठाऊक नाही. मराठी, गुजराती, हिंदी, आगरी अशा भाषा वर्गात शेजारी बसतात आणि प्रकल्प मात्र इंग्रजीत लिहायचा असतो. या मुलांना संदर्भ शोधण्याचं कसब घरून मिळणार नाही, ते कॉलेजनेच द्यायला हवं.

हे कसब म्हणजे नक्की काय, ते याच शहराच्या एका आकड्यावरून दाखवता येतं. समजा, एका विद्यार्थिनीला प्रकल्पात मीरा-भाईंदरची लोकसंख्या लिहायची आहे. ती फोनवर शोधते. एका ठिकाणी 8,14,655 सापडतात, दुसऱ्या ठिकाणी 8,09,378, तिसरीकडे बारा-तेरा लाख. ती तिन्हींपैकी पहिला आकडा उचलते किंवा सर्वांत मोठा. खरं तर तिन्ही आकड्यांना आपापला जन्म आहे. पहिला 2011 च्या जनगणनेच्या तात्पुरत्या तक्त्यातला. दुसरा त्याच जनगणनेचा अंतिम. तिसरा कुणी मोजलेलाच नाही. कुठल्या तरी संकेतस्थळाने वाढीचा दर धरून काढलेला तो अंदाज, पण छापला आहे मोजणी असल्यासारखा. पुढे तिला वाढ दाखवायची आहे. 2001 मध्ये लोकसंख्या 5,20,388 होती. म्हणजे दहा वर्षांत सुमारे 55 टक्के वाढ. मग ती शहराचं जिल्ह्यातलं प्रमाण काढते आणि ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 1,10,60,148 अशी घेते. हा आकडाही 2011 चा आणि खराच आहे, पण तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वसई, पालघर, डहाणू, जव्हार सगळं होतं. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा जिल्हा झाला. आजचा ठाणे जिल्हा मनात धरून तो आकडा वापरला तर अख्खं गणित चुकतं, आणि ते चुकलं आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

कुणी मोजलं, केव्हा मोजलं, कोणती हद्द धरून मोजलं, एवढं विचारायला एक तास पुरतो. त्या तासात मुलगी जनगणनेच्या संकेतस्थळावरची ठाणे जिल्ह्याची जनगणना पुस्तिका उघडायला शिकते, तात्पुरतं आणि अंतिम यांतला फरक शिकते. 2021 ची जनगणना झालीच नाही आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे, म्हणजे मधल्या काळातला प्रत्येक आकडा अंदाजच आहे, हेही तिला कळतं. माहिती साक्षरता या भारदस्त नावाखाली जगभर जे शिकवतात, ते मुळात एवढंच आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला तर हे शहर खजिनाच आहे. घोडबंदरबद्दल आणि भाईंदरच्या मिठागरांबद्दल वाचायचं तर जेम्स कॅम्बेलने संपादलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधले 1882 चे ठाण्याचे खंड आहेत. ते महाराष्ट्राच्या दर्शनिका विभागाने संकेतस्थळावर घातलेले आहेत, त्यासाठी मुंबईलाही जावं लागत नाही. पोर्तुगीजांच्या वसईबद्दल गर्सन द कुन्हा यांचं 1876 चं पुस्तक आहे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेची पत्रं गो. स. सरदेसाईंनी संपादलेल्या पेशवे दफ्तराच्या 45 खंडांत आहेत. त्या मोहिमेत घोडबंदर आणि धारावीचा किल्ला ही दोन्ही ठिकाणं येतात, आणि दोन्ही आजच्या मीरा-भाईंदरच्या हद्दीत आहेत. मूल त्यांतल्या एखाद्या गडावर सहलीला गेलेलं असतं, पण त्या गडाचे कागद छापलेले आहेत हे त्याला माहीत नसतं. गॅझेटियर हाती देताना शिक्षकाने एवढं मात्र सांगावं की हे इंग्रज अंमलदारांच्या नजरेने लिहिलेलं आहे. जातींची, गावांची वर्णनं त्या नजरेने रंगलेली आहेत. शेतसाऱ्याचा तक्ता आणि एखाद्या समाजाच्या ‘स्वभावा’बद्दलचा शेरा यांना सारखं वजन देऊ नये.

‘हे कुठून घेतलं?’ असा प्रश्न विचारण्याची परंपरा आपल्याला बाहेरून आणायची गरज नाही. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं धुंडाळत राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 मध्ये निघाला आणि पुढे 22 खंड झाले. बखरीत लिहिलं आहे म्हणून खरं, हे मानायला ते तयार नव्हते. त्यांना पत्र हवं होतं, तारीख हवी होती. शं. ग. दाते यांचं काम याहून कमी माहीत आहे आणि मला ते तितकंच थोर वाटतं. छपाई आल्यापासून मराठीत कोणकोणती पुस्तकं निघाली, याची सूची करायला हा माणूस बसला. पहिल्या खंडात 1800 ते 1937, दुसऱ्यात 1938 ते 1950. संगणक नव्हता आणि महाराष्ट्रभरची पुस्तकं एका छपराखालीही नव्हती. एकेक पुस्तक हाताळून त्याची नोंद करणं, एवढंच साधन होतं. मराठीत काम करणारा संशोधक आजही दात्यांच्या सूचीपाशी येतो. मराठी वाङ्मयाच्या किती पदवीधरांनी ती सूची प्रत्यक्ष उघडून पाहिली आहे, हा प्रश्न प्रत्येक विभागाने स्वतःला विचारावा.

ग्रंथालयशास्त्रातलं मूलभूत कामही भारतात झालं आहे. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. पुस्तकं वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि वाचकाचा वेळ वाचवावा, हे त्यांचं सांगणं. ग्रंथालयाचा हा वापर शिकवायचा कसा, यासाठी अमेरिकेत डेट्रॉइटच्या मॉन्टिथ कॉलेजात पॅट्रिशिया नॅप या ग्रंथपाल बाईंनी 1960 ते 1962 या काळात एक प्रयोग केला. ग्रंथालयाचे धडे त्यांनी वेगळे ठेवले नाहीत, विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांबरोबर बसून ते अभ्यासक्रमातल्या कामांत गुंफले. त्यातून दिसलेली गोष्ट आजही खरी आहे: गरज पडण्याआधी सांगितलेलं ग्रंथालय कुणाच्या लक्षात राहत नाही. आपल्याकडे जूनमध्ये ‘लायब्ररी ओरिएंटेशन’ होतं. कार्डावर किती पुस्तकं, दंड किती, मोबाइल सायलेंट. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत, शोध कसा घ्यायचा ते पडद्यावर पाच मिनिटं. नंतर वर्षभर मुलं येतात ती अभ्यासिकेत बसायला, स्वतःच्या नोट्स घेऊन.

साधनं मात्र आज कधी नव्हती इतकी आहेत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’वर पाच लाखांहून अधिक प्रबंध कुणालाही मोफत वाचता येतात. ‘एन-लिस्ट’ या योजनेतून साध्या पदवी महाविद्यालयालाही हजारो नियतकालिकं मिळतात, त्यात मुंबईतून निघणारं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ही आहे. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. मराठी विश्वकोश संपूर्ण खुला आहे. एका ठिकाणी मात्र मोठा अन्याय झाला आहे. केंद्र सरकारने 25 नोव्हेंबर 2024 ला ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं आणि 6,300 हून अधिक संस्था. पण या संस्था केंद्र किंवा राज्य सरकारच्या. मीरा-भाईंदरची बहुतेक महाविद्यालयं खासगी संस्थांनी उभी केलेली, म्हणून इथला विद्यार्थी या दाराबाहेर उभा आहे. त्याचे आई-वडीलही कर भरतात. योजनेच्या पुढच्या टप्प्यात अशी महाविद्यालयं घेतलीच पाहिजेत.

दार उघडलं तरी आत काय निवडायचं, हे कळायला हवंच. 2018 मध्ये पुण्यात भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेली 1,009 नियतकालिकं तपासली. त्यांतली 88 टक्क्यांहून अधिक निकषांत बसत नव्हती. ‘करंट सायन्स’मध्ये हा अभ्यास छापून आला. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं सरकारी यादीत बसलेली असतील, तर एकोणीस वर्षांच्या मुलाने ‘जर्नल’ या शब्दावर विश्वास टाकला यात त्याचा काय दोष?

आता तर यंत्रच संदर्भ रचून देतं. न्यूयॉर्कच्या न्यायालयात 2023 मध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटले दाखले म्हणून सादर केले. ते खटले कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी 5,000 डॉलर दंड केला. विद्यार्थ्यांच्या संदर्भसूचीत असे न लिहिलेल्या पुस्तकांचे आणि न जन्मलेल्या लेखकांचे दाखले येणार, हे गृहीत धरून चाललं पाहिजे. बंदी घालून ते थांबणार नाही. यंत्राने दिलेला प्रत्येक दाखला ओपॅकवर किंवा शोधगंगेवर सापडतो का, ते पाहायला शिकवणं हाच मार्ग.

स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 10 इतिहासकार, 10 तथ्यतपासनीस आणि 25 विद्यार्थी यांना संकेतस्थळं पारखायला दिली होती. पीएचडी झालेले इतिहासकारही नीटनेटक्या मांडणीला आणि छान बोधचिन्हाला फसले. तथ्यतपासनीस त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. त्यांनी लगेच दुसऱ्या खिडक्या उघडून, या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिलं. विद्वत्ता असून हे येत नाही, आणि शिकवलं तर कुणालाही येतं, हे मला त्यातलं सर्वांत आशादायक वाटतं.

हे फक्त गुणांपुरतं नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, एवढी फोनवरून फिरणारी अफवा पुरली. त्या गर्दीत एकानेही ‘हे कुणी पाठवलं, कधीचं आहे’ असं विचारलं असतं तर, हा विचार मनातून जात नाही. तो प्रश्न विचारण्याची सवय वर्गात लागते, आणि वर्गात नाही लागली तर कुठे लागणार, हे मला माहीत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आज संधी आली आहे. पदवीच्या आराखड्यात आता फील्ड प्रोजेक्ट आहे, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण आहे, चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेणाऱ्यांना 12 श्रेयांकांचं संशोधन आहे. कौशल्यवृद्धीच्या विषयाला दोन श्रेयांकांची जागा आहे. ती जागा कॉलेजने ‘संदर्भ शोध आणि लेखन’ याला द्यावी, आणि शिकवायला ग्रंथपालाला उभं करावं. आज ग्रंथपालाचा वेळ नॅकच्या फायली भरण्यात जातो, अनेक ठिकाणी तर पद भरलेलंच नाही. विषय शहरातले द्यावेत: मिठागरांची मालकी आणि मजूर, उत्तनची मासेमारी, काशिमिऱ्याचा महामार्ग, दहिसरकडून येणारी मेट्रो. हे विषय तयार ब्लॅक बुकात मिळत नाहीत, म्हणून मुलाला शोधावंच लागतं. वर्षातून एकदा वर्ग चर्चगेटच्या लोकलमध्ये बसवून फोर्टातल्या एशियाटिक सोसायटीत आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात न्यावा. भाईंदरहून गाडी बदलावीही लागत नाही.

या कामात शहरातल्या घरांचाही वाटा आहे. राई, मुर्धा, मोर्वा, उत्तन, डोंगरी, नवघर, खारी इथल्या जुन्या घरांत मिठाच्या पावत्या, ग्रामपंचायतीचे ठराव, शाळेची हजेरीपुस्तकं, जमिनीचे उतारे, लग्नपत्रिका, होड्यांचे परवाने पडून आहेत. महापालिकेच्या आधीचं गाव कसं होतं हे कळायचं तर हेच कागद उरले आहेत. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याकडे देऊ नका. तुमच्या जवळच्या कॉलेजच्या ग्रंथपालाला एकदा दाखवा, स्कॅन करून घेऊ द्या, आणि प्रत्येक कागदाबरोबर तो कुणाच्या घरातून, कोणत्या साली आला, एवढं लिहून द्या.