वाघाच्या मावशीची शेपटी

मराठी भाषेने शेपटाला पुष्कळ काम दिलेले आहे. भित्रा मनुष्य ‘शेपूट घालतो’, खुशामत्या साहेबापुढे ‘शेपूट हलवतो’, आणि ज्याचा स्वभाव काही केल्या सुधारत नाही त्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच! नीट पाहिले तर ही सारी शेपटे कुत्र्याची आहेत. मांजर आपल्या बोलण्यात येते ते डोळे मिटून दूध पिण्यासाठी, नाहीतर गळ्यात घंटा बांधून घेण्यासाठी. त्याच्या शेपटीची दखल कोणी घेत नाही. परिणाम असा की, मांजराच्या शेपटीचा अर्थ लावतानाही आपण कुत्र्याचेच व्याकरण वापरतो, आणि तेथेच घोटाळा होतो.

या घोटाळ्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे. गेल्या उन्हाळ्यात ताईचा चार वर्षांचा मुलगा सुटीसाठी आमच्याकडे दिंडोरीला आला होता. पडवीत धान्याच्या पोत्यांशेजारी आमची मनी बसली होती आणि हा तिच्या पाठीवरून एकसारखा हात फिरवीत होता. “मावशी, बघ ना, मनी शेपूट हलवतेय! तिला आवडतंय!” तो आनंदाने ओरडला. त्याच्या घरी कुत्रा आहे. त्या हिशेबाने त्याचा तर्क बिनचूक होता. आजी चुलीपाशी होती, ती तेथूनच म्हणाली, “अरे बाळा, सोड तिला. ती नको म्हणतेय.” पण तोवर मनीने त्याच्या मनगटावर बोचकारून रक्त काढले होते.

मग घरात एकच गोंधळ. कोणी हळद आणली, कोणी चुना लावायला सांगितला. आणि वडीलधाऱ्यांनी निकाल दिला, “मांजर पोत्यात घाला आणि नदीपलीकडे सोडून या.” मुलाला दवाखान्यात नेल्यावर मात्र डॉक्टरांनी वेगळेच सांगितले. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची. हळद, चुना, तिखट यांतले काही लावायचे नाही. रेबीजची लस आजच सुरू करायची. आणि मांजर सोडून तर मुळीच यायचे नाही. मांजर दहा दिवस डोळ्यांसमोर राहिले पाहिजे. ते त्या काळात धडधाकट राहिले तर चावण्याबोचकारण्याच्या वेळी त्याच्यापासून रेबीजची बाधा होण्यासारखी नव्हती, असे धरता येते. मांजर हाकलून दिले की ही खूणच हातची जाते. मनीचे पोते असे टळले. पुढे दहा दिवस मी तिच्यावर नजर ठेवून होते, आणि पाहता पाहता तिच्या शेपटीचा अभ्यासच झाला. त्याला वाचनाची जोड देऊन जे हाती आले, ते येथे मांडते.

मांजराची शेपटी म्हणजे पाठीच्या कण्याचाच पुढचा भाग. तीत साधारण वीसएक लहान मणके असतात, आणि भोवतालच्या स्नायूंमुळे ती मुळापासून टोकापर्यंत वेगवेगळ्या जागी वाकू शकते. भिंतीवरून चालताना तोल सांभाळणे हे तिचे एक काम. मनातले सांगणे हे दुसरे.

शेपटी झेंड्याच्या काठीसारखी उभी, आणि टोक किंचित वाकलेले, ही मांजराची रामराम करण्याची रीत. पिल्ले आईकडे जाताना अशीच शेपटी उभारून जातात. उभी शेपटी मुळापासून थरथरत असेल तर आनंद अंमळ जास्त आहे असे समजावे. मात्र बोका भिंतीकडे पाठ करून असे करू लागला, तर तो आनंद नसून हद्दीवर मुताची खूण करण्याची तयारी असते!

बसलेल्या मांजराच्या शेपटीचे नुसते टोक हलते, तेव्हा त्याचे लक्ष कशात तरी गुंतलेले असते. चिमणी तरी असेल, नाहीतर नुकताच सुरू झालेला कंटाळा. पण सबंध शेपटी चाबकासारखी या बाजूहून त्या बाजूला आपटू लागली की ती ‘पुरे’ म्हणत असते. ताईच्या मुलाला नेमके हेच वाचता आले नाही. शेपटी पोटाखाली दडवलेली, अंग चोरलेले, म्हणजे भीती. शेपटी बाटली घासण्याच्या ब्रशासारखी फुगली आणि पाठीची कमान झाली, म्हणजे भीतीची परिसीमा. आपल्या अंगावर रोमांच उभे राहतात ते ज्या बारीक स्नायूंमुळे, तसल्याच स्नायूंनी मांजराचे केस ताठ होतात आणि ते आहे त्याहून मोठे दिसते. हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांनी १९११ साली मांजरापुढे भुंकणारा कुत्रा आणून मांजराच्या रक्ताची तपासणी केली, तेव्हा त्यात अॅड्रेनलिन वाढल्याचे आढळले. ब्रशासारखी शेपटी ही त्या रसायनाचीच उघड जाहिरात.

हे वाचन एकट्या शेपटीवरून मात्र करू नये. कान मागे चपटे झाले आहेत काय, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या आहेत काय, हेही पाहावे. कवितेतील एका शब्दाचा अर्थ सगळी ओळ वाचल्याशिवाय लावू नये, असे आपल्याला वर्गात शिकवतात. तोच नियम येथे लागू आहे.

कुत्रा आणि मांजर यांच्या बोलीत इतका फरक का, याचा विचार डार्विनने केला होता. भावनांच्या आविष्कारावरील १८७२ सालच्या ग्रंथात तो दाखवतो की, चिडलेले मांजर दबून बसते आणि शेपटी आपटते, तर लाडात आलेले मांजर बरोबर उलट वागते: अंग उंचावते, पाठ किंचित वाकवते, शेपटी सरळ उभी धरते. विरुद्ध भावना, म्हणून विरुद्ध हालचाल. पुढे ब्रिटनमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात शार्लट कॅमेरॉन-ब्यूमाँट यांनी १९९७ सालच्या प्रबंधासाठी काळ्या कागदाच्या मांजराकृती कापून खऱ्या मांजरांना दाखवल्या. उभ्या शेपटीच्या आकृतीकडे मांजरे अधिक चटकन गेली, आणि जाताना त्यांनी आपलीही शेपटी उभारली. नमस्काराला नमस्कार!

मांजराचा रानटी पूर्वज एकटा राहणारा. माणसाने धान्य साठवले, त्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या थडग्यालगत पुरलेले मांजर सापडल्याचे २००४ साली जाहीर झाले. इतका हा शेजार जुना. कोठाराभोवती अनेक मांजरे एकत्र नांदू लागल्यावर ‘मी भांडायला आलो नाही’ हे दुरून सांगण्याची गरज पडली असावी, आणि पिल्लांची उभी शेपटी मोठ्यांच्याही कामी आली असावी, असे अभ्यासकांना वाटते.

आपण मांजराला वाघाची मावशी म्हणतो, आणि आपल्या तालुक्यातील उसात व द्राक्षबागांच्या कडेने या कुळातील बिबट्याही वावरतो. बिबट्याची मादी चालताना शेपटी वर वळवते. टोकाखालचा पांढरा भाग दिसत राहतो, आणि त्या खुणेवर पिल्ले गवतातून मागोमाग येतात. मात्र ती शेपटी वाचण्याइतके जवळ कोणी जाऊ नये. तेथे लांब राहणे हाच अभ्यास.

घरातल्या मांजराबाबत दोन गोष्टी मुलांना लहानपणीच सांगाव्यात. एक, शेपटी कधीही ओढू नये. जोराच्या हिसक्याने तिच्या मुळाशी असलेल्या मज्जातंतूंना इजा होते, आणि मांजराचा लघवी व शौचावरचा ताबा जाऊ शकतो. दुसरी, शेपटी आपटू लागली की हात काढून घ्यावा. आणि मांजर शेपटी उभारून समोर आले, तर खाली बसून एक बोट त्याच्या नाकासमोर धरावे. गाल घासायचा की निघून जायचे, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे.