कढीपत्त्याचे सोयरे

आपल्या मंडळींत कुणाच्या घराला किती बेडरूम आहेत हे पहिल्या भेटीत विचारणे बरे दिसत नाही. तुमच्याकडे कढीपत्ता आहे का, हे मात्र बेलाशक विचारता येते. ज्याच्याकडे आहे त्याचा रुबाबच निराळा. त्याच्या घरून निघताना हातात चार डहाळ्यांची पिशवी पडते, आणि नशीब जोरावर असेल तर मुळाशी फुटलेले एखादे रोपही, ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळलेले.

ऑरेंज काउंटीत घर घेतले तेव्हा मला माझे रोप असेच मिळाले. देणाऱ्या काकूंनी दोन नियम घालून दिले : "अधूनमधून आंबट ताक घालत जा, आणि मागायला आलेल्याला कधी नाही म्हणू नकोस." पहिल्या नियमाबद्दल पुढे सांगतो. दुसरा नियम मी सात वर्षे निष्ठेने पाळला, आणि त्याच्याविषयी लिहिण्यासाठीच हा लेखाचा खटाटोप आहे.

तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याच त्या वाट्या आणि डब्या लुटून कंटाळलेल्या माझ्या पत्नीने कढीपत्त्याची रोपे वाण म्हणून द्यायचे ठरवले. कल्पना मलाही फार आवडली. ऑक्टोबरात मी चोवीस कुंड्या आणल्या, फुटवे सोडवून लावले. त्याच सुमारास एका मित्राचे वडील भारतातून आले होते. अमरावती जिल्ह्यात वरुडकडे त्यांची संत्र्याची बाग आहे. चहा घेता घेता ते अंगणात गेले, एक कोवळा शेंडा बोटांत धरला, आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमच्या झाडाले त सायला लागला!"

मी डॉक्टर आहे तो यंत्र अभियांत्रिकीचा, आणि पोट भरतो सॉफ्टवेअरवर. त्या शेंड्यावरचे पांढरे धागे मी आठवडाभर पाहत होतो आणि कसलीतरी बुरशी असेल म्हणून सोडून देत होतो. काकांना चष्म्याचीही गरज लागली नाही. संत्र्याच्या बागेत जन्म गेलेल्या माणसाला कढीपत्त्यावरची कीड इतक्या पटकन कशी ओळखता आली, याचे उत्तर कढीपत्त्याच्या नात्यागोत्यात आहे.

कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्या कुळातला. बेल, कवठ आणि कुंपणाला लावतात ती पांढऱ्या सुवासिक फुलांची कुंती, ही सगळी त्याच घराण्यातली. खात्री करायची तर कढीपत्त्याचे आणि लिंबाचे पान उजेडासमोर धरून पाहावे. दोन्हींत सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. फोडणीत जो वास सुटतो तो त्यांचाच. हे सोयरेपण आपण विसरलो तरी कीड विसरत नाही.

सायला म्हणजे शास्त्रीय नावाने डायफोरिना सिट्री. प्रौढ कीटक जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा, तपकिरी ठिपक्यांचा. पानावर बसतो तो डोके खाली आणि पार्श्वभाग तिरपा वर उचलून, त्यामुळे एकदा ओळखला की पुन्हा चुकत नाही. मादी अंडी घालते ती फक्त कोवळ्या पालवीत, आणि एक मादी शेकड्यांनी घालते. पिवळसर पिल्ले रस शोषतात आणि मागून मेणाचे पांढरे धागे सोडतात. तीच माझी बुरशी.

नुसता रस शोषला असता तर फारसे बिघडले नसते. पण या किडीबरोबर एक जिवाणू प्रवास करतो. त्याने होणाऱ्या रोगाला आपल्याकडे ग्रीनिंग म्हणतात. जगभर चालणारे नाव चिनी आहे, ह्वांगलाँगबिंग. जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत शिरून त्या तुंबवतो. पानांवर पिवळे चट्टे उमटतात, फळ वेडेवाकडे वाढते, बुडाशी हिरवेच राहते, चवीला कडू लागते, आणि काही वर्षांत झाड मरते. औषध नाही. त्यातून लागण झाल्यावर लक्षणे दिसायला कित्येक महिने, कधी वर्षेही जातात. तोवर झाड निरोगी दिसते आणि सायला त्याच्यावरून जिवाणू उचलून पुढच्या झाडावर नेत राहतो. आमच्या धंद्यात ज्या चुका गाजावाजा करून प्रोग्रॅम पाडतात त्या सोप्या. उत्तर बरोबर दिसत असताना आतून आकडे नासवणाऱ्या चुका सापडेपर्यंत उशीर झालेला असतो.

उशिराचा हिशेब फ्लोरिडाने पाहिला आहे. तिथे सायला १९९८ मध्ये सापडला आणि रोग २००५ मध्ये. २००३-०४ च्या हंगामात त्या राज्यात संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी २० लाख पेट्या निघाल्या होत्या, नव्वद पौंडांची एक पेटी. २०२३-२४ मध्ये निघाल्या सुमारे १ कोटी ८० लाख. वादळांनी आणि जमिनीच्या भावांनीही त्यात हात धुऊन घेतले, पण मुख्य वाटा या रोगाचा. कॅलिफोर्नियात सायला २००८ मध्ये सॅन डिएगो काउंटीत दिसला. रोगाचे पहिले झाड सापडले मार्च २०१२ मध्ये, लॉस एंजेलिसजवळच्या हॅसिएंडा हाइट्समध्ये. कुठल्या मळ्यात नव्हे, एका घराच्या अंगणात! २०१७ मध्ये आमच्याच काउंटीत, अनाहाइम आणि गार्डन ग्रोव्हमध्ये, तो निघाला. तोही घरगुती झाडांवर.

रिव्हरसाइड गावात एक नेव्हल संत्र्याचे झाड आहे. १८७३ मध्ये एलायझा टिबेट्स या बाईंकडे ब्राझीलच्या मूळ जातीची दोन रोपे आली, त्यांतले हे उरलेले एक. कॅलिफोर्नियातली तमाम नेव्हल संत्री या दोन रोपांच्या कलमांची लेकुरे. आज ते झाड सायलापासून वाचवण्यासाठी जाळीच्या घरात ठेवले आहे. मुलांना घेऊन मी मुद्दाम गेलो. मुले कंटाळली, मी बराच वेळ उभा होतो.

आता कुणी म्हणेल, की कढीपत्त्याला हा रोग होतो कुठे? खरे आहे, होत नाही. प्रयोगांत जिवाणू त्याच्यात तग धरत नाही असे दिसले आहे. पण सायलाला कढीपत्ता मनापासून आवडतो, आणि आपण रोज फोडणीसाठी शेंडे खुडून त्याला सतत नवी पालवी आणतो. म्हणजे लिंबाला वर्षातून काही वेळा पालवी येते, तर आमच्या झाडावर किडीचे पाळणाघर उन्हाळाभर उघडे. तिथे वाढलेले कीटक उडून शेजारच्या लिंबावर जातात. आमच्या कुंपणापलीकडे एका मेक्सिकन आजीबाईंचे लिंबाचे जुने झाड आहे. दर डिसेंबरात त्या आम्हाला पिशवीभर लिंबे देतात आणि मी त्यांना कढीपत्ता देतो, ज्याचे त्या काय करतात हे मी विचारलेले नाही.

काका गेल्यावर मी काउंटीच्या कृषी कार्यालयाला फोन केला. इन्स्पेक्टर बाई आल्या, नमुने घेतले, आणि कुंड्यांची रांग पाहून थबकल्या. ही रोपे कुठे जाणार, असे विचारले. मी यादी वाचली : सॅन डिएगो, बेकर्सफील्ड, दोन फ्रीमाँटला. बाई शांतपणे म्हणाल्या, की यांतले एकही या अंगणाबाहेर नेता येणार नाही. दक्षिण कॅलिफोर्नियाचा बहुतेक भाग क्वारंटीनमध्ये आहे, आणि त्यात कढीपत्त्याचे रोप मोडते हे मला सात वर्षांत ठाऊक नव्हते. भारतातून बॅगेत ताज्या डहाळ्या आणण्यावर बंदी आहे तीही याच कारणाने. विमानतळावरची माणसे उगीच आडमुठेपणा करतात असा आमचा समज.

आता उपयोगाचे. किडलेले शेंडे कापून दुहेरी पिशवीत बांधून उन्हात ठेवावेत, मग कचऱ्यात टाकावेत. झाडावर कीटकनाशक साबणाचे पाणी पानांच्या खालून पुन्हा पुन्हा मारावे. लिंबासाठी मुळाशी घालायची औषधे मिळतात ती कढीपत्त्याला घालू नयेत : ती पानांत उतरतात, आणि पाने आपण खातो. शिवाय लेबलवर ज्या पिकाचे नाव नाही त्यावर औषध वापरणे इथल्या कायद्यात बसत नाही.

सर्वांत महत्त्वाच्या मुंग्या. सायलाची पिल्ले गोड चिकट पाझर सोडतात, आणि त्या लोभाने मुंग्या त्यांच्यावर पहारा करतात. पहारा कुणाविरुद्ध? टॅमॅरिक्सिया नावाच्या तिळाहून लहान गांधीलमाशीविरुद्ध, जी पिल्लाच्या पोटाखाली अंडे घालून त्याला संपवते. ती आपल्याच बाजूची, पंजाबातली : रिव्हरसाइडच्या विद्यापीठाने पाकिस्तानातल्या फैसलाबादहून आणून डिसेंबर २०११ मध्ये सोडली. साखरपाण्यात बोरॅक्स मिसळलेले आमिष ठेवून मुंग्या हटवल्या की तिचे काम सोपे होते.

राहिला ताकाचा नियम. इथले पाणी आणि माती अल्कधर्मी, त्यामुळे झाडाला लोह मिळत नाही आणि पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ताकाचा आंबटपणा त्याला पुरा पडत नाही. नर्सरीतले चिलेटेड लोह घालावे. हा पिवळेपणा पानाच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. लिंबाच्या पानावर मात्र डाव्या-उजव्या बाजूंचे चट्टे जुळत नसतील तर लोहाच्या मागे न लागता कृषी कार्यालयाला फोन करावा. आणि रोप हवेच असेल तर परवानाधारक नर्सरीतून घ्यावे. महाग पडते, मान्य.

आमचे नमुने निर्दोष निघाले, आजीबाईंच्या लिंबाचेही. चोवीस रोपे मी उपटली. संक्रांतीला वाण म्हणून मेथीच्या आणि धन्याच्या पुड्या दिल्या. बायका हसल्या, पण मार्चमध्ये दोघींकडून मेथीचे फोटो आले.

शेवटी काकूंना फोन करणे भाग होते. सगळे ऐकून घेतल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, शहाऐंशीपासून देतेय मी. साठ तरी दिली असतील." आणि आठवून आठवून गावे सांगू लागल्या. मी कागद घेतला आणि लिहून घेऊ लागलो.