रिसेटलमेंट की रिहॅबिलिटेशन?

सरदार सरोवर धरणाच्या बुडिताची झळ महाराष्ट्रात सर्वांत आधी बसली ती अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीला. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देणे थांबवावे, अशी मागणी करणारा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा याच गावाच्या नावाने निघाला. अशा धरणांच्या विस्थापितांविषयीच्या इंग्रजी कागदपत्रांत ‘रिसेटलमेंट’ आणि ‘रिहॅबिलिटेशन’ हे दोन शब्द जोडीने येतात. मराठीत दोन्हींना आपण सहसा ‘पुनर्वसन’च म्हणतो.

अर्थ : रिसेटलमेंट म्हणजे नव्या जागी वसणे किंवा वसवणे. रिहॅबिलिटेशन म्हणजे मोडलेले जगणे पुन्हा उभे करणे : शेती, रोजगार, शाळा, दवाखाना, समाजातले स्थान.

क्रियापद : ‘रिसेटल’ सकर्मक आहे, तसेच अकर्मकही. सरकार कुटुंबांना ‘रिसेटल’ करते आणि कुटुंबे स्वतःही गुजरातेत ‘रिसेटल’ होतात. ‘रिहॅबिलिटेट’ला मात्र सहसा कर्म लागते, नाहीतर वाक्य कर्मणी होते : ‘द फॅमिलीज वेअर रिहॅबिलिटेटेड’.

कर्म : ‘रिसेटल’ मुख्यतः माणसांना केले जाते. ‘रिहॅबिलिटेट’ माणसाला, इमारतीला, नापीक जमिनीला, गेलेल्या लौकिकालाही.

जोडशब्द : ‘रिसेटलमेंट साइट’ म्हणजे नवी वसाहत, ‘रिहॅबिलिटेशन सेंटर’ बहुधा व्यसनमुक्ती किंवा आजारानंतरच्या उपचारांचे केंद्र.

कायदा : २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या इंग्रजी नावात दोन्ही शब्द स्वतंत्रपणे आहेत.

प्लॉट मिळाला की रिसेटलमेंट झाली. रिहॅबिलिटेशन त्याने पूर्ण होत नाही. अहवाल वाचताना आणि लिहिताना हा फरक जपा.